वर्गणीची वही आणि इतर वस्तू

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यात जिथं धानाच्या बांध्या होत्या तिथं प्लॉट पडले, आणि वस्तीबरोबर विहारही बदलले. सारवलेल्या जमिनीवर फरशी आली, कवेलूंच्या जागी स्लॅब आला, मूर्ती मोठी आली आणि बरेचदा सोनेरी आली. ज्यांच्या आजोबांना गावाच्या कडेच्या हातभर जागेसाठी झगडावं लागलं, त्यांच्या नातवंडांनी संगमरवर बसवला याचा मला मनापासून आनंद आहे. पण दर बांधकामाच्या वेळी काही वस्तू बाहेर काढल्या जातात आणि त्या पुन्हा आत येत नाहीत. कुडवा, गोंदिया आणि जुन्या भंडारा जिल्ह्यातल्या विहारांतून गेलेल्या, जाऊ घातलेल्या अशा वस्तूंची ही टिपणं.

तसबीर.

मूर्तीच्या आधी तसबीर होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी कुशीनगरच्या भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, मग समोरच्या लाखोंना स्वतः दिली. १६ तारखेला चंद्रपूर. तिथून परतलेल्या माणसांनी घरातले देव काढले आणि कोनाडे रिकामे झाले. त्या कोनाड्यांत पुढं छापील चित्रं आली, लाकडी चौकटीतली, काचेआडची. एकात बुद्ध, दुसऱ्यात कोट-टाय घातलेले बाबासाहेब. दीक्षेनंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. म्हणजे नव्या धम्मातलं पहिलं वर्षही पुरं होण्याआधी त्यांची तसबीर हार घालायची तसबीर झाली. आमच्या भागातल्या कितीतरी विहारांची सुरुवात एका टेबलावर, पांढऱ्या कापडावर ठेवलेल्या या दोन चौकटींपासून झाली. भिंती नंतर उभ्या राहिल्या.

आज या तसबिरी ओल लागून पिवळ्या पडल्या आहेत, कागदाला कसर लागली आहे. नवा विहार झाला की त्या मागच्या खोलीत, सतरंज्यांच्या ढिगावर जातात. तिथून पुढं त्यांचं काय होतं हे कुणी पाहत नाही.

लहान मूर्ती.

सिमेंटची किंवा प्लास्टरची, दीड-दोन फुटांची. ऑइलपेंटनं रंगवलेली, ओठ लाल, केस काळेभोर, चीवर पिवळं किंवा भगव्याकडं झुकणारं. नागपूरच्या महाल भागातल्या चितार ओळीत गणपती-दुर्गा घडवणाऱ्या हातांनी बुद्धही घडवले, आणि गावोगावच्या मिस्त्र्यांनीही आपापल्या परीनं घडवले. समोर नमुना असायचा तो सारनाथच्या मूर्तीच्या छापील चित्राचा. मिस्त्रीनं आयुष्यभर भिंती बांधलेल्या असायच्या, त्यामुळं खांदे भिंतीसारखे सरळ यायचे आणि बोटं जाड यायची. मला या मूर्ती फार मोलाच्या वाटतात. बुद्धाचा चेहरा कसा असावा हे कोणत्याही शिल्पशाळेनं न शिकवलेल्या माणसानं, आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचे चेहरे पाहून ठरवलेलं त्यात दिसतं. पूर्व विदर्भातल्या माणसाचा रुंद जबडा आणि बसकं नाक असलेला बुद्ध जगाच्या दुसऱ्या कोणत्या कोपऱ्यात सापडायचा?

सोनेरी मूर्ती.

ही नाहीशी होणारी वस्तू नव्हे, ही आलेली वस्तू आहे. पण तिच्याशिवाय बाकीच्यांचा हिशोब लागत नाही.

गेल्या काही वर्षांत थायलंडमधून महाराष्ट्रात पुष्कळ बुद्धमूर्ती आल्या. भूमिस्पर्श मुद्रा, डोक्यावर ज्वाळेसारखं उंच टोकदार उष्णीष, लांब सरळ बोटं, सोन्याचा मुलामा. २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत शंभराहून अधिक थाई भिक्खू परभणीहून मुंबईच्या चैत्यभूमीपर्यंत अस्थिकलशासह पायी चालत आले, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा बायामाणसं पांढऱ्या कपड्यांत उभी होती. मूर्ती मैत्रीनं दिलेल्या आहेत आणि मैत्रीनं घेतलेल्या आहेत. काही मूर्तींच्या बैठकीवर थाई लिपीत दात्यांची नावं कोरलेली असतात. आपल्या विहारात ती कुणाला वाचता येत नाहीत, पण ती तिथं आहेत, आणि बैठक टिकेल तोवर राहतील. हे मला महत्त्वाचं वाटतं. कोण्या दूरच्या गावातल्या बाईनं आपल्या आईच्या नावानं दिलेलं दान, आईच्या नावासकट टिकतं.

मूर्तीची ही घडण कुठून आली हे पाहायचं तर बँकॉक सोडून आत, एखाद्या जिल्ह्याच्या शहरात जावं लागतं. पित्सनुलोक हे तसं शहर आहे, नान नदीच्या काठचं. तिथल्या वाट फ्रा सी रत्तन महाथात या मंदिराला गावचे लोक सरळ 'वाट याइ', म्हणजे मोठं मंदिर म्हणतात. आत फ्रा पुत्थ चिन्नरात ही कांस्याची, सोनं चढवलेली मूर्ती आहे, चौदाव्या शतकातली. मागं ज्वाळांची प्रभावळ, तिची टोकं खाली नागाच्या तोंडाशी वळलेली. दारं शिंपल्याच्या नक्षीची, १७५६ मध्ये राजा बोरोमकोतनं करवून दिलेली. सगळ्या थायलंडमध्ये या मूर्तीच्या नकला होतात. बँकॉकच्या संगमरवरी मंदिरासाठी राजा चुलालाँगकॉर्ननंही तिचीच प्रतिकृती ओतवून घेतली. जोडे बाहेर काढायचे, जमिनीवर बसायचं, पाय मूर्तीकडं करायचे नाहीत, तीन वेळा वाकायचं. कुडव्याच्या माणसाला त्यातलं काहीच परकं वाटणार नाही. त्रिसरण-पंचशीलाची पाली तीच आहे, फक्त हेल वेगळा. दोन ओळींनंतर कान सरावतो आणि आपलाही आवाज त्यात मिसळतो.

एक गोष्ट मात्र वेगळी दिसेल. तिथं नवी मूर्ती आली म्हणून जुनी बाहेर गेली नाही. बँकॉकच्या वाट फोमधल्या लांबच लांब ओवऱ्या पाहाव्यात. पहिल्या राम राजानं युद्धात उजाड झालेल्या अयुथ्या, सुखोथाय अशा शहरांतून हजाराहून अधिक मूर्ती आणवल्या, त्यातल्या कितीतरी या ओवऱ्यांत ओळीनं बसल्या आहेत. कुणाचा चेहरा या घडणीचा, कुणाचा त्या. राजधानी नवी होती, राजवंश नवा होता, पण मोडक्या गावांचे बुद्ध त्यांनी टाकून दिले नाहीत.

आमच्या लहान मूर्तीला विहारात अशी एक ओवरी का नसावी? पाच फुटांची फळी पुरेल.

पांढरं लुगडं.

दीक्षेच्या वेळी नागपूरच्या दुकानांत पांढऱ्या साड्या संपल्या होत्या, असं त्या पिढीतले लोक सांगत आले. पूर्व विदर्भातला महार समाज शेतमजुरीइतकाच मागावरही जगत होता. जाडंभरडं सुती कापड विणणं हा त्यांचा जुना धंदा, आणि इंग्रजांच्या काळच्या नोंदींतही तो सापडतो. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल उभी राहिली. गिरण्यांच्या कापडापुढं घरचे माग टिकले नाहीत, आणि विणणारी माणसं त्याच गिरण्यांत कामाला गेली. मग १९५६ साली त्यांनी अंगावर घेतलेलं पांढरं कापड बहुधा गिरणीचंच होतं. आता गिरणीही नाही. माग गेला, गिरणी गेली, नऊवारी लुगडं गेलं. पौर्णिमेला बाया पांढऱ्या पाचवारीत येतात, बहुतेक सिंथेटिक, निळ्या काठाची. पांढरा रंग टिकला.

सुती नऊवारी नेसून, डोक्यावरून पदर घेऊन वंदनेला बसणारी एखादी बुढी माय अजून दिसते. तिचा फोटो काढून ठेवावा, आणि फोटोमागं तिचं नाव लिहावं.

वर्गणीची वही.

लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबोडी, किराणा दुकानात उधारीसाठी असते तशी. पहिल्या पानावर 'जयभीम', खाली तारीख, मग नावं. नावापुढं रक्कम: आठ आणे, एक रुपया, सव्वा रुपया. काही नावांपुढं पैसे नाहीत, धान आहे: दोन पायली, चार पायली. काहींपुढं धानही नाही, काम आहे: विटा वाहिल्या, पाणी आणलं, दोन दिवस माती कालवली.

हा भाग बिड्यांचा. गोंदिया-भंडाऱ्याच्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या घराच्या ओट्यावर बसून, मांडीवर सूप घेऊन बिड्या वळल्या. उन्हाळ्यात जंगलात तेंदूपानाची तोड, वर्षभर पानं कापणं, तंबाखू भरणं, दोरा बांधणं. मजुरी हजारावर मिळायची, आणि खराब म्हणून छाटलेल्या बिड्यांचे पैसे नसायचे. विहाराच्या वर्गणीतला बाईच्या नावापुढचा रुपया कुठून आला असेल याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा. तंबाखूचा वास बोटांतून जात नसे, आणि त्याच बोटांनी वहीवर अंगठा उमटवलेला आहे. सही येत नव्हती. दीक्षेच्या वेळच्या बावीस प्रतिज्ञा मात्र तोंडपाठ होत्या.

अशा वह्या किती उरल्या आहेत ते पाहून घ्यावं. मंडळाचे जुने सचिव वारले की त्यांच्या घरातली पेटी मुलगा उघडतो, त्यात जुन्या पावत्या, कार्यक्रमपत्रिका, वही. पेटी कामी येते, कागद रद्दीत जातात. त्यात कुणाचा दोष काढता येत नाही. त्या मुलाला कुणी सांगितलेलंच नसतं की हे विहाराचं दप्तर आहे.

दात्यांची नावं लिहून ठेवण्याची रीत किती जुनी आहे हे पाहायचं तर पवनी इथून फार लांब नाही. जुन्या भंडारा जिल्ह्यातलंच गाव, वैनगंगेच्या काठचं. (गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला, तोवर कुडवाही भंडारा जिल्ह्यातच होतं.) १९६९-७० मध्ये तिथं जगन्नाथ टेकडीवर शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या देखरेखीखाली उत्खनन झालं, नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व विभाग मिळून. मोठा स्तूप निघाला, दगडी कठड्याचे खांब निघाले. एका खांबावर पाच फण्यांचा नाग आहे, खाली रिकामं आसन, आणि ब्राह्मी लिपीत नागाचं नाव: मुचरिंद. बुद्धाची मूर्ती करण्याची रीत अजून पडली नव्हती, म्हणून आसन रिकामं. थायलंडमध्ये शनिवारी जन्मलेल्या माणसाची बुद्धमूर्ती याच मुचलिंद नागाच्या फण्याखाली बसलेली असते. बऱ्याच मोठ्या मंदिरांत वारांप्रमाणं मूर्तींची रांग असते, त्यात ती सहज सापडते. वैनगंगेच्या काठी ज्या नागानं रिकाम्या आसनावर फणा धरला, त्याची आठवण मेकाँगच्या खोऱ्यात दोन हजार वर्षांनी रोज फुलं वाहून जागवली जाते.

पण मला पवनीबद्दल सांगायचं आहे ते वेगळंच. त्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. साध्या उपासक-उपासिकांची. राजानं नव्हे, या माणसांनी एकेक खांब, एकेक आडवा दगड दिला, आणि कुणी दिला ते दगडावर लिहिलं. म्हणून इसवीसनाच्या आधीच्या शतकांतल्या, याच नदीकाठी राहणाऱ्या बाईचं नाव आज आपण वाचू शकतो. थाई गावांतही हेच दिसतं. मंदिराच्या कुंपणाच्या भिंतीवर, फरशीवर, पंख्यावरसुद्धा दात्याचं नाव आणि रक्कम लिहिलेली असते.

आणि कुडव्यासारख्या वस्तीत साठ वर्षांपूर्वी ज्या बाईनं विटा वाहिल्या तिचं नाव आपल्याला माहीत नाही. ती वही गेली. धम्म या भागातून एकदा गेला तेव्हा दगड मागं राहिले म्हणून त्याचा माग लागला. या खेपेस तो कागदावर परत आला आहे, आणि कागदाचं आयुष्य थोडं असतं.

भिंतीवरच्या बावीस प्रतिज्ञा.

निळ्या ऑइलपेंटनं, पांढऱ्या चुन्यावर. गावातल्या पेंटरनं शिडीवर चढून लिहिलेल्या. अक्षरं वर मोठी, खाली जागा संपत आली म्हणून बारीक होत गेलेली. शेवटच्या दोन प्रतिज्ञा दाराच्या चौकटीवरून वळवलेल्या. लहान पोरं याच भिंतीवर वाचायला शिकली. आता ग्रॅनाइटवर यंत्रानं कोरलेल्या प्रतिज्ञा येतात. नेमक्या, देखण्या. भिंत पाडायच्या आधी तिचा फोटो काढणारं कुणी नव्हतं.

ग्रंथ, कंदील, वाळवी.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, आश्विन पौर्णिमेला संपतो. या तीन महिन्यांत विदर्भातल्या विहारांत संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. बाबासाहेबांचा मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५७ मध्ये निघाला. भदन्त आनंद कौसल्यायन यांचा हिंदी अनुवाद १९६१ चा, आणि घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस, शां. शं. रेगे यांचा मराठी अनुवाद १९७० चा. गोंदिया हिंदीच्या वेशीवरचं शहर. बालाघाट, राजनांदगाव इथून हाकेच्या अंतरावर. त्यामुळं इथल्या काही विहारांत आधी हिंदी प्रत वाचली गेली, समजावून सांगताना झाडीबोलीत सांगितली गेली, आणि मराठी प्रत नंतर आली. तीच हिंदी प्रत, खाकी कागदाचं वेष्टन घातलेली, पानांच्या कडेला पेन्सिलीच्या खुणा असलेली. 'आज इथपर्यंत' अशी खूण. खुणेशेजारी तारीख.

वीज नव्हती तेव्हा कंदील, पुढं भारनियमनाच्या वर्षांत मेणबत्ती. पावसाळा धानाच्या रोवणीचा. दिवसभर चिखलात कमरेतून वाकलेल्या बाया रात्री तासभर ऐकायला बसत. डोळे मिटत असत. ऐकणं थांबत नसे.

थायलंडच्या पूर्वेला, लाओसच्या सीमेजवळ, मून नदीकाठी उबोन राचथानी नावाचं शहर आहे. तिथंही याच पौर्णिमेच्या सुमारास वर्षावासाची सुरुवात होते आणि तिथला मेणबत्त्यांचा उत्सव साऱ्या देशात प्रसिद्ध आहे. पावसाच्या अंधाऱ्या दिवसांत भिक्खूंना वाचायला उजेड हवा म्हणून गावं मंदिराला मेणबत्त्या देत. त्यांच्या जागी आता माणसापेक्षा उंच, कोरीव मेणाच्या शिल्पांच्या मिरवणुका निघतात. २०२४ च्या मार्चमध्ये भारतातून नेलेले बुद्धाचे आणि सारिपुत्त-मोग्गल्लान यांचे अस्थिधातू याच शहरातल्या वाट महावनाराममध्ये दर्शनाला ठेवले होते. अजान चा यांचं वाट नोंग पा पोंग, १९५४ मध्ये स्थापन झालेलं अरण्यविहाराचं ठिकाण, याच शहराबाहेर आहे.

पण उबोनला गेलेल्यानं आधी पाहावं ते वाट तुंग सी मुआंगमधलं ग्रंथघर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं, तिसऱ्या राम राजाच्या काळातलं. सगळं लाकडाचं, छप्पर उतरत्या पदरांचं, थाई, लाओ आणि ब्रह्मी अशा तिन्ही धाटणींची त्यात सरमिसळ. आणि ते तळ्याच्या मधोमध, खांबांवर उभं आहे. कारण साधं आहे. ताडपत्रांवरचे ग्रंथ वाळवी खाते, मुंग्या खातात. पाणी ओलांडून त्या जाऊ शकत नाहीत. म्हणून गावानं तळ्यातच ग्रंथघर बांधलं.

आमचा जिल्हा तळ्यांचा म्हणून ओळखला जातो. वाळवी आमच्याकडंही तेवढीच आहे. विहारातल्या लाकडी कपाटाचा खालचा कप्पा उघडला की मातीच्या नळ्या दिसतात आणि पुस्तकं आतून पोकळ झालेली हाती येतात. 'प्रबुद्ध भारत'चे अंक, १९५६ च्या फेब्रुवारीत 'जनता'चं नाव बदलून निघालेल्या त्या पत्राचे अंक, कुणी दोरीनं बांधून ठेवले असतील तर याच कप्प्यात. तळ्यात कपाट बांधायची गरज नाही. कपाटाचे चार पाय पाण्याच्या चार वाट्यांत ठेवायचे, आजी दुधाच्या जाळीच्या कपाटाला ठेवायची तसे. त्याहून सोपं म्हणजे लोखंडी कपाट घ्यायचं आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवायचं.

खीर आणि पत्रावळ.

बुद्धपौर्णिमेला खीर. धानाच्या मुलखात तांदळाचीच असणार. सुजातेनं दिली तीही पायसच होती, असं भन्ते दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी ते ऐकायला बरं वाटतं. मोठ्या पितळी गंजात शिजायची. पळसाच्या पानांचे द्रोण बाया आदल्या दिवशी बसून टाचायच्या. गंज आता अॅल्युमिनियमचे, द्रोण कागदाचे. पितळी गंजावर ज्यानं दिला त्याचं नाव टाचणीनं ठोकून कोरलेलं असे. हेही एक दप्तर होतं, आणि ते मोडीत गेलं.

कॅसेट.

टेपरेकॉर्डर पौर्णिमेच्या पहाटे पाचला सुरू व्हायचा. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विदर्भाचे नागोराव पाटणकर. रात्री कव्वालीचा मुकाबला, ढोलक, हार्मोनियम, आणि पहाटेपर्यंत एकमेकांना दिलेली उत्तरं. आता गाणी मोबाइलवर आहेत, म्हणजे ती हरवली असं नाही. हरवली ती गावच्या भजनी मंडळाची स्वतः भरलेली कॅसेट, जिच्यात मधेच एखादं लेकरू रडतं, कुणीतरी 'पाणी द्या हो' म्हणतं, आणि शेवटी गाणारा आपलं नाव ओळीत गुंफतो. तशी दुसरी प्रत कुठंच नाही. फीत चिकटण्याआधी ती उतरवून घेता येते, आणि गोंदियात ते करून देणारी मुलं आहेत.

पिंपळ.

नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष श्रीलंकेतल्या अनुराधपुराहून आणलेल्या रोपांचा, भदन्त आनंद कौसल्यायन यांनी आणलेला. गावोगावचे विहारही पिंपळ लावत. मुळं पायात जातात म्हणून नव्या बांधकामात तो तोडला जातो, आणि कुंडीत दुसरा लावला जातो. कुंडीतल्या पिंपळाला सावली नसते.

नॅरोगेज.

गोंदियाहून बालाघाट, नैनपूर, जबलपूरकडं जाणारी लहान गाडी होती. दीक्षेच्या वार्षिक दिवसाच्या, म्हणजे अशोक विजयादशमीच्या आधी त्या गाडीतून बालाघाटकडची माणसं गोंदिया जंक्शनवर उतरायची आणि नागपूरची मोठी गाडी धरायची. फलाटावर भाकरी, चटणी, आंब्याचं लोणचं फडक्यात बांधलेलं, काठीला निळा झेंडा. रात्र फलाटावर निघायची. रूळ रुंद झाले, प्रवास सोपा झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. फलाटावरच्या त्या मुक्कामात गोंदियाची आणि बालाघाटची माणसं एकमेकांचे पत्ते लिहून घेत, त्यातून सोयरिकी जुळत. ही माहिती कोणत्याही रेल्वेच्या इतिहासात सापडणार नाही.

डोंगरगडच्या प्रज्ञागिरी या बौद्ध तीर्थाला फेब्रुवारीत जाणारी गर्दी मात्र अजून याच स्थानकावरून जाते.

फळा.

विहाराच्या मागच्या भिंतीवर सिमेंटचा, काळा रंग दिलेला. संध्याकाळी पोरांची शिकवणी. थायलंडमध्येही सरकारी शाळा येण्याआधी मुलगा लिहायला शिकायचा तो मंदिरातच. भिक्खू कायम मुक्कामी नसलेल्या आमच्या विहारांत हे काम दहावी झालेल्या मुलीनं केलं, बारावी नापास झालेल्या मुलानं केलं. अनेक विहारांत ही अभ्यासिका अजून भरते, आणि तिथून तलाठी, पोलीस, परिचारिका झालेल्या मुलामुलींची यादी कुणी केलेली नाही. ती करता येईल. तेवढी माणसं अजून आहेत.

शेवटी माणसं.

१९५६ साली पंधरा वर्षांचं असलेलं माणूस आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. त्याहून लहान असलेल्यांना बापाच्या खांद्यावरून पाहिलेली गर्दी आठवते. १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक आठवणारे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. त्या निवडणुकीत बाबासाहेब स्वतः याच जिल्ह्यातून उभे होते आणि हरले. जिथं त्यांचा पराभव झाला त्या मुलखानं अडीच वर्षांत त्यांच्यामागं धर्म बदलला. त्या दोन घटनांमधल्या काळात घराघरांत काय बोलणं झालं, कोण आधी तयार झालं, कुणाच्या सासूनं देव काढू दिले नाहीत, कोनाडा रिकामा झाल्यावर पहिल्या रात्री कसं वाटलं, हे सांगू शकणारी माणसं आता थोडी उरली आहेत. त्यांना विचारायला मोठं यंत्र लागत नाही. खिशातला मोबाइल पुरतो.

कुडव्यातल्या आणि आसपासच्या मंडळांना माझं एवढंच सांगणं आहे. पुढच्या वेळी विहाराची भिंत पाडायचं ठरलं, की आधी तिचे फोटो काढा. लहान मूर्ती नव्या मूर्तीशेजारी बसवा. तसबिरींच्या मागं कुणी दिल्या ते लिहा. जुन्या सचिवांच्या घरी जाऊन वही मागून आणा, तिच्यातली नावं संगणकावर उतरवा, आणि नव्या विहाराच्या भिंतीवर देणगीदारांची ग्रॅनाइटची पाटी लावाल तेव्हा आठ आणे देणाऱ्यांची, दोन पायली धान देणाऱ्यांची आणि विटा वाहणाऱ्यांची नावं तिच्यावर सर्वांत वर कोरा. आणि वर्षावासात माणसं रोज संध्याकाळी जमतातच, तर त्यातली एक संध्याकाळ राखून ठेवा आणि त्या दिवशी ती वही पहिल्या नावापासून शेवटच्या अंगठ्यापर्यंत मोठ्यानं वाचा.